चालता ट्रॅक्टर मध्येच बंद पडतो तेव्हा
डिझेलच्या अभावाचे निदान व उपाय

रब्बी ज्वारीच्या पेरणीचा योग्य काळ म्हणजे साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा होय. कोरडवाहू भागात ही पेरणी सर्वस्वी जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असते. पाऊस उघडल्यानंतर वाफसा येतो, तो मोजकेच दिवस टिकतो, आणि ऊन तापू लागले म्हणजे वरचा थर पाहता पाहता सुकतो. अशा वेळी पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर शेताच्या मधोमध बंद पडला, तर त्या दिवसाचे काम तर बुडतेच; शिवाय दोन दिवस दुरुस्तीत गेले तर उगवणीलाही फटका बसतो. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर तो पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

चालते इंजिन मध्येच बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांपैकी वरचेवर आढळणारे कारण म्हणजे इंजिनास डिझेल न पोचणे हे होय. टाकीत डिझेल असते, तरीही ते सिलिंडरपर्यंत जात नाही. अशा प्रसंगी पुष्कळ ठिकाणी एकच चूक होते, ती म्हणजे पहिला संशय इंजेक्शन पंपावर घेतला जातो. पंप उतरवून तालुक्याच्या गावी नेला जातो, पैसे खर्च होतात, पंप परत येतो आणि ट्रॅक्टर पूर्वीप्रमाणेच बंद पडतो. कारण दोष पंपात नसून टाकीच्या झाकणातील एका बारीक छिद्रात असतो!

म्हणून या लेखाचा मुख्य मुद्दा प्रारंभीच सांगणे इष्ट आहे. दोष शोधावयाचा तो टाकीपासून आरंभ करून, डिझेल ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने, एकेक टप्पा तपासत शोधावा. पंप व नोझल यांना हात लावण्याची पाळी अगदी शेवटी येते, आणि बहुधा ती येतच नाही.

डिझेल इंजिनाचे तत्त्व

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा दट्ट्याने साधारण सोळा ते वीसपट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की तीत सोडलेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेटतो. यावरून असे दिसून येईल की, डिझेल इंजिन चालण्यास तीन गोष्टी पुरतात : स्वच्छ हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळी योग्य प्रमाणात डिझेल. इंजिन चांगले चालत असताना एकाएकी दाब नाहीसा होणे हे क्वचितच घडते. हवेची गाळणी तुंबली तर इंजिन काळा धूर ओकते. म्हणून काळा धूर नसताना इंजिन मंदावत मंदावत बंद पडले, तर डिझेलकडेच प्रथम लक्ष द्यावे.

फवारा उडण्यासाठी लागणारा दाब मोठा असतो. साध्या पंपाच्या ट्रॅक्टरात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम, म्हणजे पुढील चाकातील हवेच्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट असतो. हा दाब निर्माण करणारे पंपातील प्लंजर इतके तंतोतंत बसविलेले असतात की, प्लंजर व त्याची नळी यांमधील फट केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी असते. त्यांना वंगणही डिझेलचेच मिळते. म्हणून डिझेलात धूळ किंवा पाणी असणे, अथवा डिझेलाशिवाय पंप फिरत राहणे, या दोन्ही गोष्टी पंपास घातक आहेत.

डिझेलचा मार्ग

निदान करण्यापूर्वी डिझेलचा मार्ग नीट समजून घ्यावा. बहुतेक ट्रॅक्टरांत तो पुढीलप्रमाणे असतो.

(१) टाकी, तिचे झाकण व झाकणातील हवेचे छिद्र.
(२) टाकीखालील कॉक व त्याच्या तोंडाशी असलेली जाळी.
(३) कॉकपासून फीड पंपापर्यंतची नळी.
(४) फीड पंप. पुष्कळ ट्रॅक्टरांत याच ठिकाणी गाळ व पाणी साचण्यासाठी काचेची वाटी व बारीक जाळी असते. हाताने डिझेल चढविण्याची दांडी किंवा बटणही येथेच असते.
(५) डिझेल फिल्टर. एक किंवा एकामागोमाग एक असे दोन.
(६) इंजेक्शन पंप.
(७) जाड पोलादी नळ्या व नोझल.

यांपैकी पहिले पाच टप्पे कमी दाबाचे आहेत. ते साध्या पान्यांनी, स्वच्छ हाताने व थोड्या धीराने शेतकऱ्यास स्वतः तपासता येतात. शेवटचे दोन टप्पे जास्त दाबाचे आहेत. त्यांची उघडझाप जाणत्या कारागिराकडूनच, आणि तीही कार्यशाळेतच व्हावयास हवी.

इंजिन कसे बंद पडले ते आठवावे

पाना हातात घेण्यापूर्वी चालकाने दोन मिनिटे शांत बसून, इंजिन कोणत्या रीतीने बंद पडले हे आठवावे. बंद पडण्याची रीतच अर्धे निदान सांगून जाते.

इंजिनाचा वेग आधी कमीजास्त होऊ लागला, ते हेलकावे खाऊ लागले, ताकद कमी झाली आणि मग ते बंद पडले, तर डिझेल अपुरे पडत आहे किंवा डिझेलात हवा शिरली आहे असे समजावे.

इंजिन दिवा फुंकून विझवावा तसे एकदम बंद पडले, तर इंजिन बंद करण्याची दांडी किंवा तिची तार अडकली आहे काय ते पाहावे. ज्या ट्रॅक्टरांत किल्लीने इंजिन बंद होते, त्यांत विजेवर चालणारा एक खटका डिझेल अडवितो. किल्ली फिरविताच तेथे ‘टक्’ असा आवाज येत नसेल, तर फ्यूज व तारेचा जोड तपासावा. त्यासाठी डिझेलची नळी सोडण्याचे कारण नाही.

इंजिन पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तितक्याच वेळाने बंद पडते, तर टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असण्याचा फार संभव आहे.

रिकाम्या चालीत ठीक चालते, पण नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीत उतरविताच दम तोडते, तर फिल्टर तुंबला आहे, नळी चेपली आहे किंवा फीड पंप कमजोर झाला आहे.

सुरू होऊन एक-दोन मिनिटांतच बंद पडते, तर कॉक बंद राहिला असेल. फिल्टरमध्ये शिल्लक असलेल्या डिझेलवर इंजिन तेवढा वेळ चालते.

चढावर किंवा बांधाच्या कडेने एका बाजूस कलले असतानाच बंद पडते, तर टाकीत डिझेल कमी आहे, किंवा टाकीतील गाळ सरकून कॉकच्या तोंडावर येत आहे.

रात्री ठीक उभे केलेले इंजिन सकाळी सुरू होण्यास फार वेळ लावते, तर कोठेतरी हवा आत शिरून नळीतील डिझेल मागे सरकत आहे.

यानंतर धुराची खूण पाहावी. स्टार्टर फिरविताना सायलेन्सरमधून मुळीच धूर येत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचत नाही. पांढरट धूर येत असून इंजिन धरत नसेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. त्याची कारणे निराळी आहेत. डिझेलात पाणी असणे हे त्यांपैकी एक होय.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये, आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर तरी विसावा द्यावा. दोष न शोधता स्टार्टर फिरवीत राहिल्यास बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो, आणि पंप कोरडा फिरतो तो वेगळाच.

तपासणीचा क्रम

पहिला टप्पा : टाकी. काट्यावर विश्वास न ठेवता, स्वच्छ व कोरडी काठी टाकीत बुडवून डिझेलची उंची पाहावी. मध्यम कामात ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास ताशी साधारण पाच लिटर डिझेल लागते. खोल नांगरटीत किंवा रोटाव्हेटरवर ते याहून पुष्कळ अधिक लागते. कामाचे तास मोजले तर काटा बिघडलेला असला तरी अंदाज चुकत नाही.

दुसरा टप्पा : झाकण. टाकीतून जितके डिझेल बाहेर जाते तितकीच हवा आत यावी लागते. गोड्या तेलाच्या डब्यास एकच भोक पाडले तर तेल गचके खात पडते. दुसरे भोक पाडताच सरळ धार लागते. ट्रॅक्टरच्या टाकीचे दुसरे भोक म्हणजे झाकणातील बारीक छिद्र होय. ते चिखल, धूळ किंवा रंग यांनी बुजले म्हणजे टाकीत पोकळी निर्माण होते व डिझेल खाली उतरत नाही. इंजिन बंद पडताच झाकण सैल करावे. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर इंजिन सुरू होऊन नीट चालले, तर दोष सापडला असे समजावे. छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. झाकण हरवले म्हणून तोंडास प्लॅस्टिकचा कागद किंवा चिंधी घट्ट बांधणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

तिसरा टप्पा : कॉक व नळी. कॉक बंद करून नळीचे फीड पंपाकडील टोक सोडावे, खाली स्वच्छ भांडे धरावे आणि कॉक उघडावा. टाकी उंचावर असलेल्या ट्रॅक्टरात डिझेलची भरघोस, अखंड धार पडली पाहिजे. धार बारीक असेल किंवा आधी मोठी व मग लहान होत असेल, तर झाकण काढून पाहावे. झाकण काढल्याने धार वाढली तर दोष छिद्रात आहे. न वाढली तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबलेली आहे. नळी सोडून चाकात हवा भरण्याच्या पंपाने ती साफ करावी. तोंडाने डिझेल ओढू नये. ते फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. काही ट्रॅक्टरांत टाकी फीड पंपाच्या खालच्या पातळीस असते. त्यांत धार आपोआप पडणार नाही, हे लक्षात घ्यावे.

रबरी नळी बाहेरून चांगली दिसली तरी आतून फुगून तिचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो. अशी नळी बदलणे हाच उपाय होय.

चौथा टप्पा : काचेची वाटी, जाळी व फीड पंप. वाटीत पाणी खाली व डिझेल वर असे दोन थर दिसतात, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. वाटी काढून धुवावी, जाळी साफ करावी, आणि वाटीखालील रबरी गॅस्केट चिरलेले असल्यास नवे बसवावे. त्यानंतर फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सैल करून हाताची दांडी चालवावी. प्रत्येक दाबाबरोबर डिझेलची जोरदार चिळकांडी आली पाहिजे. दांडी ढिली लागते व डिझेल येत नाही, असे आढळल्यास पंप बिघडला असा तर्क लगेच करू नये. इंजिनाचा कॅम वर आलेला असताना दांडीस पुरेशी चाल मिळत नाही. इंजिन थोडेसे फिरवून पुन्हा दांडी चालवून पाहावी. तरीही डिझेल न आल्यास फीड पंपाचा पडदा किंवा झडपा तपासून घ्याव्यात.

पाचवा टप्पा : फिल्टर. फीड पंपातून डिझेल जोरात येते, पण फिल्टरच्या पुढे गेल्यावर धार मंदावते, असे दिसल्यास फिल्टर तुंबला आहे. कागदी फिल्टर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवून पुन्हा बसविण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती सर्वथा त्याज्य आहे. धुण्याने कागद फाटतो किंवा त्याची छिद्रे रुंदावतात, आणि आजवर अडविलेली घाण सरळ इंजेक्शन पंपात जाते. फिल्टर बदलण्याचे तास ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असतात, ते पाळावेत. नवा फिल्टर बसविताना त्यात वरून न गाळलेले डिझेल ओतू नये; हातपंपानेच तो भरावा.

डब्याची कसोटी

दोष टाकीकडे आहे की त्याच्या पुढे आहे, याचा उलगडा एका सोप्या कसोटीने होतो. दोन लिटरचा स्वच्छ डबा घेऊन त्यास पारदर्शक नळी जोडावी. डब्यात गाळलेले डिझेल भरून, तो फीड पंपापेक्षा उंच जागी, सायलेन्सरपासून व गरम भागांपासून दूर, घट्ट बांधावा. नळीचे दुसरे टोक फीड पंपास जोडून, आत शिरलेली हवा काढून इंजिन सुरू करावे. जागच्या जागी पंधरा-वीस मिनिटे इंजिन वेगात चालवावे. असा डबा बांधून शेतात काम करू नये. या डिझेलवर इंजिन सुरळीत चालले, तर दोष टाकी, झाकण, कॉक किंवा त्यांच्या नळीत आहे. पूर्वीप्रमाणेच बंद पडले, तर दोष फीड पंप किंवा त्याच्या पुढे आहे. अशा रीतीने अर्धा मार्ग निर्दोष ठरतो व शोधाचे काम निम्मे होते.

हवा कोठून शिरते?

विहिरीवरील पंपाच्या सक्शन पाइपास बारीकशी चीर पडली, तर त्यातून पाणी गळत नाही. पंप हवा घेतो व पाणी उचलत नाही. हा अनुभव प्रत्येक बागायतदारास आहे. ट्रॅक्टरातही नेमके तेच घडते. फीड पंपाच्या पुढील भागात डिझेल दाबाखाली असते. तेथील जोड ढिला असला तर डिझेल बाहेर गळते व डोळ्यांना दिसते. फीड पंपाच्या मागील भागात डिझेल ओढले जात असते. तेथील जोड ढिला असला तर तो चालू इंजिनात कोरडा दिसतो, पण आतून हवा ओढून घेतो. म्हणूनच ‘कोठेही गळती नाही, तरी इंजिन हवा घेते’ अशी तक्रार असल्यास टाकी ते फीड पंप या भागातील प्रत्येक जोड तपासावा. काही मिनिटांपुरती पारदर्शक नळी जोडून पाहिल्यास त्यातून जाणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात.

जोडातील तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेल्यावर कठीण होतात. तेच पुन्हा वापरल्याने हवा शिरते. म्हणून दोन-चार नवे वॉशर नेहमी हत्यारपेटीत ठेवावेत. जोडावर दोरा गुंडाळणे, सफेदा किंवा साबण लावणे हे उपाय टाळावेत. त्यांचे तुकडे डिझेलबरोबर आत जातात.

हवा काढण्याची पद्धत

टाकी पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा नळी सोडली, तर आत हवा शिरते. हवा दाबली जाते, पण दाब पुढे पोचवीत नाही. पंपात हवेचा फुगा अडकला तर प्लंजर त्या फुग्यासच दाबत राहतो आणि नोझल उघडत नाही. साध्या पंपाच्या ट्रॅक्टरात ही हवा पुढील क्रमाने काढावी.

(१) टाकीत पुरेसे डिझेल भरून कॉक उघडावा. सोडावयाच्या प्रत्येक स्क्रूभोवतीची धूळ आधी पुसून घ्यावी. पुसण्यास धागे न सुटणारे कापड घ्यावे. सुताचा बोळा वापरू नये.
(२) पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू दोन-तीन वेढे सैल करावा. हाताची दांडी चालवीत राहावे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे येतात, आणि शेवटी अखंड धार लागते. दांडी चालू असतानाच स्क्रू आवळावा.
(३) दुसरा फिल्टर असल्यास त्याचीही हवा अशीच काढावी.
(४) त्यानंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रू सैल करून तीच कृती करावी.
(५) हातपंपाचे बटण आट्यांचे असल्यास ते पुन्हा खाली बसवून घट्ट फिरवावे. ते सैल राहिल्यास त्यातूनच हवा शिरते.
(६) आता स्टार्टर मारावा. इंजिन न धरल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा वेढा सैल करून, वेगाची दांडी पूर्ण ठेवून, स्टार्टर थोडा वेळ फिरवावा. नटापाशी डिझेल दिसू लागताच नट आवळावेत.

क्रम नेहमी टाकीकडून नोझलकडे असावा. मागील हवा तशीच ठेवून पुढील हवा काढली, तर मागची हवा पुन्हा पुढे येते व सर्व श्रम वाया जातात. हवा काढून झाल्यावरही काही तासांनी पुन्हा बुडबुडे येत असतील, तर ती उरलेली हवा नव्हे. ती नव्याने शिरणारी हवा होय. तिचे प्रवेशद्वार शोधावे.

दोन महत्त्वाच्या सूचना

पहिली सूचना : नोझल किंवा दाबाच्या नळीतून उडणाऱ्या फवाऱ्यासमोर हात, बोट किंवा चेहरा कधीही आणू नये. हा फवारा कातडीतून आत घुसतो. वरून केवळ सुई टोचल्यासारखी खूण दिसते, परंतु आतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास दुखत नाही म्हणून घरी न थांबता तत्काळ रुग्णालयात जावे, आणि डिझेल दाबाने आत गेले आहे असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. काम चालू असताना जवळ विडी, काडी किंवा उघडा दिवा नसावा.

दुसरी सूचना : ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराच्या प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत ‘कॉमन रेल’ नावाची पद्धत असते. तीत दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅमहून अधिक दाब निर्माण होतो. अशा ट्रॅक्टराच्या दाबाच्या नळ्या शेतात मुळीच सोडू नयेत. वर दिलेली सहावी कृती त्यांस लागू नाही. मात्र टाकी, झाकण, पाणी वेगळे करणारी वाटी व फिल्टर यांची तपासणी त्यांतही तितकीच आवश्यक आहे.

दोन उदाहरणे

समजा, एक ट्रॅक्टर पेरणी करताना दर वीस मिनिटांनी बंद पडतो. चालक बांधावर बसून विसावा घेतो आणि उठून स्टार्टर मारतो, तो इंजिन सुरू होते. तुंबलेला फिल्टर विसाव्याने मोकळा होत नाही. परंतु टाकीतील पोकळी हळूहळू भरून येते. म्हणून येथे झाकणाचे छिद्र प्रथम पाहावे. या उपायास एक तार पुरते.

दुसरा ट्रॅक्टर उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना दम तोडतो, उतारावर मात्र नीट चालतो. टाकीतील धार भरघोस आहे, फीड पंपाची चिळकांडीही जोरदार आहे, परंतु फिल्टरपुढची धार बारीक आहे. नवा फिल्टर बसवून हवा काढल्यावर तक्रार दूर व्हावयास हवी. नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत तुंबला, तर दोष फिल्टरचा नसून डिझेलचा किंवा टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळाचा आहे. टाकी उतरवून आतून धुवावी.

दोन्ही उदाहरणांत पंप निर्दोष आहे. कमी दाबाचे पाचही टप्पे तपासून, हवा काढून, पंपापर्यंत अखंड धार येते अशी खात्री झाली आणि तरीही इंजिन धरत नसेल, तरच पंप व नोझल यांची तपासणी कार्यशाळेत करून घ्यावी.

दोष होऊच नये म्हणून

डिझेल पिंपात साठवीत असल्यास पिंप सावलीत, किंचित तिरके ठेवावे व तळाचे थोडे डिझेल वापरू नये. पिंप हलविल्यावर निदान चोवीस तास गाळ खाली बसू द्यावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवू नये. जस्त व डिझेल यांच्या संयोगाने फिल्टर तुंबविणारे पदार्थ तयार होतात. टाकीत ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. शंका वाटल्यास थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत तासभर ठेवून पाहावे. पाणी व गाळ तळाशी दिसतील.

टाकी सकाळी न भरता सायंकाळी काम संपताच भरावी. रात्री रिकाम्या टाकीतील दमट हवा थंड होऊन तिचे पाणी होते व ते तळाशी जमते. हे पाणी टाकी गंजविते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळपट, चिकट बुरशी वाढून तीही फिल्टर तुंबविते. म्हणून काचेच्या वाटीतील पाणी रोज सकाळी पाहून काढून टाकावे. काढलेले डिझेल जमिनीवर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हे ज्ञान वाचनापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटते. हंगामाच्या पंधरा दिवस आधी गावातील ट्रॅक्टरचालकांस एकत्र बोलवावे. एका ट्रॅक्टराच्या टाकीचे तोंड मुद्दाम बंद करून तिसऱ्या टप्प्यातील धार कशी मंदावते ते दाखवावे. तुंबलेला व नवा असे दोन फिल्टर उभे कापून शेजारी ठेवावेत. हवा काढण्याची कृती प्रत्येक चालकाकडून एकदा करवून घ्यावी. प्रात्यक्षिकानंतर प्रत्येकाच्या हत्यारपेटीत नेमाच्या मापाचे पाने, एक फिल्टर, तांब्याचे वॉशर, बारीक तार, स्वच्छ कापड व हातभर पारदर्शक नळी आहे की नाही ते पाहावे. ट्रॅक्टर बंद पडल्याची वेळ, त्या वेळचे काम, सापडलेला दोष व केलेला उपाय यांची नोंद एका वहीत ठेवण्याची सवय चालकांस लावावी. एका हंगामाच्या अशा नोंदी पुढील हंगामात उत्तम मार्गदर्शक ठरतात.

वाफसा कोणासाठी थांबत नाही. झाकण, धार, वाटी, फिल्टर, हवा या क्रमाने तपासणी करणारा चालक पुष्कळदा तासाभरात पुन्हा पेरणीस लागतो. ज्याने आरंभीच पंप उतरविला, तो मात्र तालुक्याच्या वाटेवर असताना त्याची जमीन सुकत असते.